अट आधी, नायक नंतर: फे-लोककथांवरून प्रेमकादंबरी लिहायची असेल तर

आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या लोककथांमधले ‘फे’ (इंग्रजीत ‘फेअरी’) लोक सध्या प्रेमकादंबऱ्यांचे नायक झाले आहेत. आपल्याकडची तरुण मंडळी या कादंबऱ्या इंग्रजीतून आवडीने वाचतात आणि त्यातल्या काहींना तसंच काहीतरी मराठीत लिहावंसं वाटतं. मला याचा मनापासून आनंद होतो. पण नवीन लिहिणाऱ्यांचे जे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात नायकाच्या रूपापासून होते. टोकदार कान, चंदेरी केस, काळ्या दगडाचा महाल, एकमेकांचे वैरी असलेले दोन दरबार. पहिली दोन प्रकरणं झोकात जातात आणि तिसऱ्यात घोडं अडतं, कारण नायक देखणा आहे यापलीकडे घडण्यासारखं काही ठरवलेलंच नसतं.

मूळ कथा शेकडो वर्षं टिकल्या त्या अटीच्या जोरावर. माणूस आणि फे एकत्र येतात ते कुठल्यातरी अटीवर, आणि ती मोडते तेव्हा गोष्टीला खरा रंग चढतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आधी अट ठरवा, नायकाचे डोळे कुठल्या रंगाचे ते नंतर बघू. ते कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: मूळ कथा वाचा

आजच्या कादंबऱ्या काही दिवस बाजूला ठेवा आणि या चार कथा वाचा.

पहिली स्कॉटलंडची ‘टॅम लिन’. हे गाऊन सांगायचं कथागीत आहे. १५४९ च्या एका स्कॉटिश ग्रंथात या नावाच्या कथेचा उल्लेख सापडतो, म्हणजे ती निदान तितकी जुनी. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीतं पाठभेदांसकट छापली. त्यात ‘टॅम लिन’चा क्रमांक ३९. एकच कथा वेगवेगळ्या गायकांच्या तोंडी कशी बदलते हे तिथे एका जागी बघायला मिळतं आणि लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. दुसरी वेल्समधल्या लिन अ वान वाख या तळ्यातल्या स्त्रीची. तिसरी आयर्लंडची एडीन आणि तिचा फे नवरा मिदिर यांची, आणि चौथी ऑशीन आणि नीव्ह यांची.

मग संग्रहांकडे वळा. डब्ल्यू. बी. येट्स यांनी १८८८ मध्ये संपादित केलेल्या आयरिश लोककथा, लेडी ग्रेगरी यांनी पश्चिम आयर्लंडमध्ये लोकांच्या तोंडून टिपून १९२० मध्ये छापलेले अनुभव, ही पुस्तकं स्वामित्वहक्कातून मोकळी झालेली आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतात. कॅथरीन ब्रिग्ज यांचा १९७६ चा फेअरीकोश मात्र विकत घ्यावा लागेल. जमलं तर घ्याच.

माझा सगळ्यात लाडका साठा वेगळाच आहे. १९३७ ते १९३९ या दोन वर्षांत आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या देऊन घरी पाठवलं. आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा, असं सांगितलं. त्या वह्यांचा संग्रह आज ‘दूखस’ या संकेतस्थळावर मूळ हस्ताक्षरात बघता येतो. एखाद्या गावातलं कुठलं झाड तोडायचं नाही, कोणाच्या गाईचं दूध का आटलं, रात्री कुठल्या वाटेने जायचं नाही, असले बारीकसारीक तपशील त्यात खच्चून भरलेत. कादंबरी जिवंत होते ती असल्या तपशिलांनी.

पायरी २: पंख काढून टाका

मराठीत ‘परी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंखवाली, चिमुकली, हातात कांडी घेतलेली आकृती येते. ती प्रतिमा उशिराची आहे. नाटकं, चित्रं आणि मुलांची पुस्तकं यांनी घडवलेली. यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी १९१७ मध्ये जे ‘पऱ्यांचे’ फोटो काढले आणि ज्यांच्यावर शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉइलसारख्या माणसाने विश्वास ठेवला, त्यांत अशाच पंखवाल्या आकृत्या होत्या. त्या कागदी कात्रणं होत्या हे त्या दोघींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये कबूल केलं.

शेतकरी आणि कोळी ज्यांना घाबरत होते ते लोक असे नव्हते. ते टेकडीच्या पोटात राहत, गुरं पाळत, आपसांत लढत, लग्नं लावत आणि मयतीही काढत. त्यांच्या बायका अडल्या की माणसांतली सुईण बोलावून नेत. आयरिश परंपरेत हे तुआहा डे डानन, म्हणजे माणसांच्या आधी त्या भूमीवर राज्य करणारे आणि हरल्यावर टेकड्यांखाली गेलेले लोक. स्कॉटलंडमधल्या अॅबरफॉइलचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी १६९१ च्या सुमारास त्यांच्यावर एक विलक्षण ग्रंथ लिहिला. माणूस आणि देवदूत यांच्या मधली ही जात, त्यांची शरीरं दाटलेल्या ढगासारखी, ते तिन्हीसांजेला जास्त दिसतात आणि दर तिमाहीला बिऱ्हाड बदलतात, असं कर्क नोंदवतात. १६९२ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर त्यांना मरण आलं आणि फे लोकांनीच त्यांना आत नेलं, अशी कथा पसरली. त्यांचा ग्रंथ छापला गेला तो १८१५ मध्ये.

म्हणून तुमचा फे नायक आधी शेजारी म्हणून उभा करा. त्याला घर आहे, त्याची कुणाशी तरी भांडणं आहेत, त्याला माणसांकडून काहीतरी हवंय. काय हवंय, ते एका वाक्यात लिहून ठेवा. ते वाक्य येत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ३: एक जागा पक्की करा

फे-कथा हवेत घडत नाहीत. ‘टॅम लिन’ची जागा सेल्कर्कजवळ, एट्रिक आणि यारो या नद्यांच्या संगमावरचं कार्टरहॉ हे रान. ते आजही नकाशावर आहे. आयर्लंडमध्ये जुन्या गोल मातीच्या तटबंद्या हजारोंनी आहेत आणि लोक त्यांना फेअरी-किल्ले म्हणतात. एकटं उभं असलेलं हॉथॉर्नचं झाड असेल तर त्याला कुऱ्हाड लावायची नाही.

ही श्रद्धा संग्रहालयात जाऊन बसलेली नाही. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यातल्या लाटून इथे नव्या महामार्गाच्या वाटेत असं एक झाड आलं. कथाकथनकार एडी लेनिहन यांनी जाहीरपणे सांगितलं की मन्स्टर प्रांताचे फे कनॉट प्रांताच्या फे लोकांशी लढायला निघतात तेव्हा याच झाडापाशी जमतात, ते तोडू नका. शेवटी झाड राखून रस्ता केला गेला.

आपल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. कोकणात राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय कामाला हात न लावणारे कंत्राटदार आहेत, गोव्यात देवचाराच्या वाटेला मान आहे. आयर्लंडमध्ये ‘भुलवणारं ढेकूळ’ असतं. त्यावर पाय पडला की ओळखीच्या शेतातही वाट सापडत नाही, आणि अंगातला कोट उलटा करून घातला की सुटका होते. आपला चकवा वेगळा काय आहे? हे साम्य वाचकाच्या मनात आपोआप जागं होतं, तुम्ही ते पात्राच्या तोंडून समजावून सांगू नका. आणि कृपा करून आसरा, हडळ आणि फे एका दरबारात बसवू नका. प्रत्येकाची भूमी वेगळी, भीती वेगळी. सरमिसळीत दोन्ही पातळ होतात.

पायरी ४: अट रचा

आता खरं काम. वेल्सची कथा थोडी जवळून बघू.

एका विधवेचा मुलगा तळ्याकाठी गुरं राखत असतो. पाण्यावर बसून केस विंचरणारी स्त्री त्याला दिसते. तो हातातली भाकर पुढे करतो. ती म्हणते, फार कडक भाजलीय, आणि बुडी मारते. दुसऱ्या दिवशी तो आईच्या सांगण्यावरून नुसतं मळलेलं पीठ नेतो. ती म्हणते, ओलं आहे. तिसऱ्या खेपेला अर्धवट भाजलेली भाकर चालते. मग ती लग्नाला तयार होते, एका अटीवर: विनाकारण तीन फटके मारलेस तर मी परत जाईन. हुंडा म्हणून बाप म्हणतो, एका श्वासात मोजशील तेवढी गुरं तुझी. ती एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच अशी पाचापाचांनी मोजते आणि कळपच्या कळप पाण्यातून वर येतात.

सुखाचा संसार होतो, तीन मुलगे होतात. मग एका बारशाला जायला ती कां-कूं करते. घोडा घेऊन ये, असं म्हणत नवरा हातमोज्यांनी तिला हलकंच टोकतो. झाला पहिला फटका. एका लग्नात ती रडायला लागते, तो खांद्यावर हात मारून विचारतो, काय झालं? दुसरा. एका मयताला ती हसते, तो तिला गप्प करायला हात लावतो. तिसरा. ती उठते, प्रत्येक गाईला नावाने हाक मारते, आणि सगळं खिल्लार तिच्या मागोमाग तळ्यात जातं. पुढे ती मुलांना भेटून वनौषधी शिकवते, आणि त्यातून मिद्वाय गावच्या वैद्यांचं प्रसिद्ध घराणं निघालं असं मानतात. ते वैद्य मात्र इतिहासातले खरे, तेराव्या शतकातले.

या अटीत काय काय आहे ते बघा. ती ऐकायला सोपी आहे. बायकोवर हात उगारायचा नाही, यात काय कठीण? ती मोजता येते, त्यामुळे वाचक प्रत्येक फटक्याला दचकतो. आणि ती दुष्टपणाने मोडत नाही, तर नवऱ्याच्या स्वभावाने मोडते. चारचौघांत बायकोने चारचौघांसारखं वागावं असं त्याला वाटतं. ती बारशाला नाखूश असते, लग्नात रडते, मयताला हसते, कारण तिला त्या घटनांच्या पुढचं दिसतं. त्याला फक्त लोक काय म्हणतील ते दिसतं. अख्खं लग्न त्या तीन हलक्या स्पर्शांत उलगडून दाखवलंय.

ऑशीनचंही तेच. नीव्ह त्याला तारुण्याच्या देशात नेते. तीनशे वर्षांनी त्याला घरची ओढ लागते, ती घोडा देते आणि बजावते की पाय जमिनीला लागू देऊ नकोस. तो पडतो कशामुळे? काही माणसांना एक दगड उचलत नसतो, त्यांना मदत करायला तो खोगिरावरून वाकतो आणि पट्टा तुटतो. परोपकाराने अट मोडली. आपल्याकडे पुरूरवा-उर्वशीची कथा ऋग्वेदापासून सांगितली जातेय, शंतनू-गंगेची महाभारतात आहे. अटीच्या लग्नाचं दुःख मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही.

तेव्हा तुमची अट लिहिताना हे बघा. ‘माझा विश्वासघात करायचा नाही’ ही अट नव्हे, ती अपेक्षा झाली. अट हाताने करता येण्यासारख्या किंवा टाळता येण्यासारख्या कृतीची हवी: बघायचं नाही, विचारायचं नाही, मोजायचं नाही, उंबऱ्यावर थांबायचं नाही. ती नायिकेच्या किंवा नायकाच्या सगळ्यात चांगल्या गुणाच्या आड यायला हवी. जी मुलगी मदत केल्याशिवाय राहू शकत नाही, तिला मदत न करण्याची अट घाला. आणि ती मोडण्याचा प्रसंग सुचेपर्यंत कादंबरी सुरू करू नका.

पायरी ५: किंमत कोण देतंय ते ठरवा

अटीमागे देणं असतं. ‘टॅम लिन’मध्ये फे लोकांना दर सात वर्षांनी नरकाला एक जीव खंडणी म्हणून द्यावा लागतो, आणि यंदा आपलीच पाळी आहे असं फे राणीच्या कैदेत असलेल्या टॅम लिन या माणसाला वाटतंय. याने दोन गोष्टी साधतात. एक तर कथेला मुदत मिळते: आज हॅलोविन, आज रात्रीच काय ते. दुसरं म्हणजे फे राणी नुसती खलनायिका राहत नाही. तीही कुणाची तरी देणेकरी आहे.

वेळ ही दुसरी जुनी किंमत. आत एक रात्र, बाहेर शंभर वर्षं. दुसऱ्या एका कथागीतातला थॉमस सात वर्षं एल्फलँडच्या राणीकडे राहतो आणि खोटं बोलता न येणारी जीभ घेऊन परततो. एडीनच्या वाट्याला तर मिदिरच्या पहिल्या बायकोच्या शापाने माशी होऊन वाऱ्यावर भरकटणं येतं. पहिल्या जन्मानंतर १०१२ वर्षांनी ती पुन्हा माणूस म्हणून जन्मते आणि दुसऱ्याच राजाची राणी होते. मिदिर येऊन त्या राजाशी पटावर खेळतो, डाव जिंकतो, बक्षीस म्हणून फक्त एक मिठी मागतो आणि दोघं हंस होऊन दरबारातून उडून जातात. इतकं शृंगारिक दृश्य आजच्या कादंबऱ्यांतही मी क्वचित वाचलंय.

पायरी ६: ऐकीव नियम तपासून घ्या

लोखंड चालत नाही, हा नियम अस्सल आहे; पाळण्यावर लोखंडी चिमटा ठेवायची पद्धत होती. त्यांच्या घरचं अन्न खायचं नाही, हाही जुनाच. फे कधी खोटं बोलूच शकत नाहीत, हा मात्र आजच्या कादंबऱ्यांनी घट्ट केलेला नियम. बाराव्या शतकात वेल्सचा प्रवास लिहिणारा गेराल्ड एका कथेत सांगतो की भूमिगत लोकांना खोट्याचा तिटकारा होता. तिटकारा असणं वेगळं, जमतच नसणं वेगळं. तुम्हाला नियम हवा तर वापरा, फक्त ‘लोककथेत असंच आहे’ असं प्रस्तावनेत लिहू नका.

नावाचंही तसंच. आपलं खरं नाव फे-ला सांगितलं तर आपण त्याच्या मुठीत जातो, असं सर्रास लिहिलं जातं. जुन्या गोष्टींत बहुधा उलट असतं: माणसाला त्याचं नाव कळलं की माणूस सुटतो. स्कॉटलंडच्या ‘व्हप्पिटी स्टूरी’त एका बाईचं मूल असंच वाचतं. ही उलटी बाजू वापरून बघा, अजून ताजी आहे.

शुभ आणि अशुभ असे दोन दरबार स्कॉटिश परंपरेत येतात, पण विस्कळीतपणे. उन्हाळी दरबार, हिवाळी दरबार, त्यांचे राजपुत्र, त्यांचे झेंडे ही सगळी आधुनिक मांडणी. ती अनेकांनी वापरून झालीय, म्हणून मी नवख्यांना तिच्यापासून लांब राहायला सांगते.

पायरी ७: प्रेमातला जोर कोणाकडे आहे?

तीनशे वर्षांचा, मोहिनी घालू शकणारा फे आणि विशीतली मुलगी. या जोडीत संमतीचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. ‘टॅम लिन’च्याच काही पाठांत स्पष्ट म्हटलंय की त्याने तिला विचारलं नाही. जुन्या कथेत आहे म्हणून तसं लिहायचं, हे उत्तर मला पटत नाही. मोहिनी असेल तर ती कधी लागू आहे आणि कधी उतरली आहे ते वाचकाला कळू द्या, आणि प्रेमाचा निर्णय मोहिनी उतरल्यावरच घ्यायला लावा.

सील-स्त्रीच्या कथा घ्या. स्कॉटलंडच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांकडे सांगतात की सील हा समुद्री प्राणी किनाऱ्यावर कातडं उतरवून बाई होतो. कोणीतरी ते कातडं लपवतो आणि तिच्याशी लग्न करतो. कातडं सापडताच ती मुलंबाळं सोडून समुद्रात जाते. यात लपवणारा नायक होऊ शकत नाही. पण कातडं सापडल्यावर ते तिला परत आणून देणारा होऊ शकतो.

‘टॅम लिन’मधल्या जॅनेटकडे बघा म्हणजे नायिका कशी असावी ते कळेल. कार्टरहॉला जाऊ नका अशी सगळ्या मुलींना ताकीद आहे. ती हिरवा झगा खोचून जाते आणि गुलाब तोडते. टॅम लिन विचारतो, माझ्या परवानगीशिवाय का आलीस? ती म्हणते, हे रान माझं आहे, माझ्या बापाने मला दिलंय. पुढे पोटात त्याचं मूल आहे हे कळल्यावर घरच्यांच्या नजरांना ती भीक घालत नाही. शेवटच्या रात्री ती चौकात एकटी उभी राहते. काळा घोडा जाऊ देते, तपकिरी जाऊ देते, पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला खाली ओढते आणि धरून ठेवते. तो तिच्या मिठीत सरडा होतो, साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेली लोखंडी सळई होतो, धगधगता निखारा होतो. ती सोडत नाही. निखारा विहिरीत टाकते, त्यातून उघडा माणूस बाहेर येतो आणि ती त्याला आपल्या हिरव्या शालीत झाकते. तलवार नाही, मंत्र नाही, जादूची शक्ती अंगात आलेली नाही. धरून ठेवणं एवढंच तिचं शौर्य. तुमच्या नायिकेला अकराव्या प्रकरणात अचानक दैवी शक्ती देण्याआधी ही कडवी पुन्हा वाचा.

एक विषय जपून हाताळा: बदललेलं मूल. धडधाकट बाळ फे पळवतात आणि जागी आजारी बाळ ठेवतात, या समजुतीपायी अपंग मुलांचे खरोखर हाल झाले. मोठ्या माणसांचेही झाले. १८९५ च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने, ही माझी बायको नव्हेच असं म्हणत, घरात जाळून मारलं. त्याला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. ‘नायिका लहानपणी बदललेली फे राजकन्या निघते’ ही कल्पना वापरणार असाल तर तिच्यामागे हे आहे, हे ठाऊक असू द्या.

पायरी ८: मराठीत त्यांना बोलतं करा

आपल्या भाषेत एक हत्यार आयतं आहे: तू, तुम्ही, आपण. इंग्रजीत लिहिणाऱ्याला दोन पानं खर्ची घालून जी जवळीक दाखवावी लागते, ती आपल्याकडे एका क्रियापदात होते. कोण कोणाला कधीपासून ‘तू’ म्हणणार याचं टाचण आधीच करून ठेवा आणि तो बदल कादंबरीत एकदाच करा, तोही ऐन प्रसंगी. फे पात्रांना पौराणिक मालिकेतली भाषा देऊ नका. ‘हे मानवकन्ये’ म्हटलं की शृंगार संपला. गावातला जुना, मोजकं बोलणारा माणूस जसा बोलेल तसं बोलू द्या.

नावं उच्चाराप्रमाणे लिहा: नीव्ह, ऑशीन, हॅलोविनच्या जुन्या सणाला साउन. आयर्लंडमध्ये लोक फे लोकांचं नाव घ्यायचं टाळतात, ‘भली माणसं’ म्हणतात. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल.

पायरी ९: आराखडा आणि शेवट

एक उदाहरण करून दाखवते. नायिका सांगलीची स्थापत्य अभियंता, क्लेअरमध्ये रस्त्याच्या सर्वेक्षणावर. वाटेत मातीची गोल तटबंदी आणि एक हॉथॉर्न. मोजणं हा तिचा पेशा आणि स्वभावही. तटबंदीच्या आत तिला तो भेटतो. अट अशी: आत असेपर्यंत काहीही मोजायचं नाही. पावलं नाहीत, अंतर नाही, वेळ नाही. त्या बदल्यात साउनपर्यंत तिची माणसं आणि यंत्रं सुरक्षित.

ती मनगटावरचं घड्याळ बाहेरच्या दगडावर काढून ठेवते आणि आत जाते, असं पहिल्या भेटीचं दृश्य. तो तिला सुरुवातीपासून ‘तू’ म्हणतो, ती त्याला ‘तुम्ही’. मधल्या भागात न मोजता जगायला ती शिकते, आणि तेच त्यांचं प्रेम. मग एका रात्री तो लोखंडाने जखमी होऊन तिच्या समोर पडतो. तिची बोटं त्याच्या मनगटावर जातात.

“हलू नकोस. बोलूही नकोस. मला मोजू दे.”

नाडीचे अकरा ठोके. अट मोडली, ‘तू’ही आलं, दोन्ही एकाच श्वासात. आणि बाहेर अकरा महिने उलटून गेले.

आता शेवट. लोककथा बहुधा विरहावर संपतात, प्रेमकादंबरीच्या वाचकाला मात्र दोघं एकत्र हवे असतात. ते फुकटात देऊ नका, आणि राणीचं मन अचानक पाझरलं असंही करू नका. ‘टॅम लिन’मध्ये राणी शेवटपर्यंत चिडलेलीच आहे, आधी कळतं तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते, असं म्हणते. सुखान्त त्याच अटीतून काढायचा. आमच्या अभियंतीच्या गोष्टीत आत काहीच मोजायचं नसतं, पण इथलीही फे राणी ‘टॅम लिन’मधल्यासारखीच दर सात वर्षांनी खंडणी देते. मग ती सात वर्षं आत बसून कोणी मोजली? साउनच्या रात्री नायिका हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारते. अट राणीनेच आधी मोडलेली असते, म्हणून नायिकेवरचा करार सुटतो, आणि तिचे गेलेले अकरा महिने मात्र परत येत नाहीत.

हा प्रश्न शेवटी पटायचा असेल तर खंडणीची सात वर्षं पहिल्या तीन प्रकरणांतच, दुसऱ्याच कुठल्यातरी बोलण्याच्या ओघात, वाचकाच्या कानावर घालून ठेवा. दोनदा नको, एकदाच. मसुदा झाला की ज्याने एकही फे-कादंबरी वाचलेली नाही अशा माणसाला तो द्या आणि अट काय होती एवढंच विचारा. त्याला ती एका वाक्यात सांगता आली तर पुढचा खर्डा करायला घ्या. नाही आली, तर चौथ्या पायरीवर परत या.